ऐकलं तेवढंच सांग

३ तारीख, सोमवार

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ नेमकी लिहितोय, कारण समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, आणि ते घड्याळकाकांच्या हातचं असल्यामुळे एक मिनिटही इकडचं तिकडे होत नाही. डॉक्टरांनी स्वतःच्या गळ्यातला स्टेथोस्कोप काढला, माझ्या कानांत अडकवला आणि म्हणाले, "ऐक."

समोर खोकला मास्तर सदरा वर करून बसले होते. मास्तर निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, खोकला मात्र अजून नोकरीत आहे. त्यांनाही धक्का बसला असावा, कारण ते क्षणभर खोकायचे थांबले.

मी ऐकलं. उजवीकडे खाली, पाठीला, कुणीतरी कोरडी पानं चुरडतंय असा आवाज येत होता. तसं सांगितलं. डॉक्टर माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी नेमक्या त्याच जागी दोन बोटांनी ठोकून पाहिलं, मान हलवली आणि औषध लिहून दिलं. मी सांगितलेल्यावर! आठ महिने मी या दवाखान्यात पुड्या बांधतोय, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवतोय आणि 'अर्धे डॉक्टर' ही पदवी मिरवतोय. मेडिकलचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं म्हणून गल्लीनं दिलेली. हजेरीचं रजिस्टर खिडकीतून फेकलं होतं मी. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते, तुझ्यासारख्या तापट माणसाच्या हाती रोग्याची नाडीही देऊ नये. फेकलं ते बरोबरच केलं. पुन्हा वेळ आली तर सरांचा डबाही फेकेन.

मास्तर गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "रोज ऐकायचं. आणि ऐकलंस तेवढंच सांगायचं. वाटलं ते नको."

हा माणूस दाराबाहेरच्या पायरीवरचा खोकला ऐकून आत बसल्या बसल्या नाव सांगायचा, असं सगळे सांगतात. चाळीस वर्षांचा तो कान. आणि तो मला शिकवतोय. त्यांनी इतक्या वर्षांत कुणालाही शिकवलेलं नाही.

५ तारीख, बुधवार

डॉक्टरांची पद्धत मी आता बारकाईनं बघतोय. रोग्याची खुर्ची त्यांनी मुद्दाम खिडकीकडे तोंड करून ठेवली आहे, म्हणजे चेहऱ्यावर उजेड पडतो. चेहऱ्यावरून अर्धं निदान होतं, हे पुस्तकात कुठं असतं? "सावकाश सांगा, पुन्हा सांगा," असं ते प्रत्येकाला दोनदा-तीनदा म्हणतात. शिंप्याच्या आत्याबाईंना आज त्यांनी एकच पोटदुखी चार वेळा सांगायला लावली. आत्याबाई खूश. त्यांच्या घरी त्यांचं पहिल्यांदासुद्धा कुणी ऐकत नाही. केवढा हा धीर. मी असतो तर दुसऱ्या वेळेलाच उसळलो असतो.

टेबलासमोर दाराच्या रेषेत त्यांनी मोठा आरसा लावून घेतलाय. तेवढा एक शौक असावा. फोन मीच घेतो. फोनवर माणूस दिसत नाही, मग डॉक्टरकी कसली, असं म्हणतात.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण घरात तिची कदर नाही. मी दार आपटतो. लहानपणापासून. आई म्हणते एक दिवस चौकटच गळ्यात घेऊन येशील. बाबा माझ्याशी आठ महिने बोलत नाहीत, ते आईला सांगतात, "त्याला म्हणावं, दार सरकारी नाही." (बाबा पोस्टात आहेत.) पण डॉक्टरांनी मला एकदाही टोकलं नाही. उलट म्हणाले, "असंच लावत जा. माणूस आला, गेला, कळलं पाहिजे."

गुणांची पारख असलेला माणूस.

८ तारीख, शनिवार

आज ती माझ्याशी सलग अकरा शब्द बोलली. मोजलेत.

ती म्हणजे घड्याळकाकांची मुलगी. त्यांच्या दुकानात दोन टेबलं आहेत. मोठ्या टेबलावर काका, खिडकीजवळच्या छोट्यावर ती. एका डोळ्याला भिंग अडकवून वाकून बसलेली असते. कुणी आलं की मान वर करते, आणि भिंगातला डोळा एवढा मोठा दिसतो की माणूस आपण आलो कशाला तेच विसरतो. आई तिला लहानपणी सोडून गेली, देवाघरी. तेव्हापासून ही दोघंच.

डॉक्टरांचं खिशातलं घड्याळ घ्यायला गेलो होतो. ती म्हणाली, "चावी रोज एकाच वेळेला द्यायला सांग, घाई केली की ते रुसतं." अकरा. मी म्हणालो, "बरं." एक. तेवढ्यावर संपलं.

परत येताना एवढा तरंगत होतो की कोपऱ्यावर सायकलवाल्याला धडकलो, आणि घड्याळ खिशातून पडलं. उचलून कानाला लावलं तर बंद. घाम फुटला. तसंच डॉक्टरांच्या हातात दिलं आणि शिव्या खायला उभा राहिलो. त्यांनी ते कानाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा. छान चाललंय."

मला समजलंच. त्यांना माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळलं होतं, आणि मला लाजवायचं नव्हतं. नंतर ते हात धुवायला गेले तेव्हा मी घड्याळ हळूच हलवलं तर चालू झालं. असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

१२ तारीख, बुधवार

ती जाणार.

मोठ्या शहरात जुनी घड्याळं दुरुस्त करण्याची एक कार्यशाळा आहे. दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीची घड्याळं येतात म्हणे. त्यांनी तिला बोलावलंय. दोन वर्षांसाठी. या बावीस तारखेला सकाळी नऊची बस.

हे तिनं मलाच सांगितलं, दवाखान्याच्या पायरीवर उभी राहून. माझे कान तापले. म्हटलं अभिनंदन. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आला. मग ती हळू आवाजात म्हणाली की बाबांचं काहीतरी बिनसलंय. चौकातल्या मनोऱ्याच्या घड्याळाला चावी द्यायला काका दर शनिवारी बासष्ट पायऱ्या चढतात. हल्ली मध्ये दोनदा बसतात. विचारलं तर म्हणतात, देखावा बघतो. "आत तर भिंत आहे नुसती," ती म्हणाली. "उद्या मी त्यांना घेऊन येते. डॉक्टरकाका ठीक म्हणाले तर जाईन. नाही म्हणाले तर नाही जाणार. त्यांच्या शब्दावर आहे सगळं."

घरी येऊन तिला पत्र लिहिलं. सात पानं. मग वाचलं. मग फाडलं. आईनं तुकडे बघितले, आणि ती बाबांना म्हणाली की निदान लिहायला तरी लागला.

१३ तारीख, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. आणि अभिमानानं लिहितो.

काका आले ते हसतच. काका आणि डॉक्टर एका शाळेतले, एका बाकावरचे. "डॉक्टरा, पोरीनं धरून आणलंय. तुझ्यापुढं आलोय तेवढं पुरे, मोठ्या हॉस्पिटलात मी पाऊल टाकणार नाही. तुझा कान म्हणेल ते खरं." ती वजनकाट्याशी उभी होती. डॉक्टरांनी मला खूण केली.

काकांचा सदरा वर केला. उजवीकडे, गळ्याच्या हाडाखाली लावलं.

ठोका, आणि दुसरा ठोका, आणि त्या दोघांच्या मध्ये करवत. लाकडावर चालते तशी, खरखरीत. प्रत्येक ठोक्याला. मानेपर्यंत ऐकू येत होती.

तेवढ्यात काकांनी माझं मनगट धरलं. दोनदा दाबलं. माझ्याकडे असं बघितलं की मला ते आयुष्यभर विसरता येणार नाही. त्यांना माझ्या मनातलं ठाऊक आहे तर. जावयाकडे सासऱ्यानं बघावं तसं ते बघणं होतं.

आता खरं लिहितो. करवत ऐकली त्या क्षणी माझ्या आत काहीतरी टुणकन उडालं. ती राहणार. मी खरं सांगितलं की ती राहणार. काकांच्या छातीत काहीतरी बिघडलंय आणि मला आनंद झाला! मला स्वतःची एवढी शिसारी आली की सांगता येत नाही. आणि मग शंका आली: हे मी ऐकलं, की मला ऐकायचं होतं? ऐकलं ते सांग, वाटलं ते नको. ही दोन वेगळी कशी काढायची ते डॉक्टरांनी कुठं शिकवलंय?

"काही नाही," मी म्हणालो. "स्वच्छ आहे."

डॉक्टर माझ्या ओठांकडे बघत होते. "नक्की?"

"नक्की."

त्यांनी काकांच्या छातीवर तळहात ठेवला, त्याच जागी. बराच वेळ. मग नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली. "हाताला काहीतरी लागतंय," ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी स्टेथोस्कोप स्वतःच्या कानांत घातला, डोळे मिटून ऐकलं, काढला. परत मलाच विचारलं, "तुला काही ऐकू आलं नाही ना?"

"नाही."

ते तिच्याकडे वळले. "जा पोरी. मी आहे इथं."

ती रडली. मग हसली. मग चक्क माझ्याकडे बघून हसली.

१४ तारीख, शुक्रवार

रात्रभर झोप अशी नाहीच, पण थकवाही नाही. मी एक मोठी गोष्ट केली आहे. माझ्या सुखासाठी तिचं आयुष्य अडवलं नाही. असं किती जणांना जमेल? आज बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी एकही वाकडी चिकटवली नाही. आत्याबाई म्हणाल्या, अर्धे डॉक्टर आज पाऊण दिसतायत.

१६ तारीख, रविवार

कॉलेजची ट्रंक उघडली. आठ महिन्यांनी. फक्त एक पान बघायचं होतं.

उजवीकडे, वर. दोन ठोक्यांच्या मध्ये. खरखरीत. मानेत पसरणारा. चढताना दम लागणं, पुढं चक्कर येऊन पडणं. हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप आकसलेली.

करवत हा शब्दसुद्धा आहे.

पुस्तक मिटून ट्रंकेत सगळ्यात खाली घातलं. पण डॉक्टरांनी माझ्यानंतर स्वतः ऐकलं की. डोळे मिटून ऐकलं. काही असतं तर त्या कानाला सापडलं नसतं? चाळीस वर्षांचा कान मोठा की माझे तेरा दिवस? मला भास झाला. तिच्यासाठी झालेला भास. हेच खरं.

१८ तारीख, मंगळवार

आज सांगून टाकणार होतो. डॉक्टर एकटे होते, औषधांच्या कपाटाकडे तोंड करून. मी मागून म्हणालो, "डॉक्टर, त्या दिवशी मला काहीतरी ऐकू आलं होतं."

ते वळले नाहीत. बाटल्या लावत राहिले. मी उभा राहिलो, उभा राहिलो, मग समजलो. त्यांना हा विषय नकोय. त्यांनी जे ऐकलं त्यावर मी शंका घेतोय, याचा राग आला असणार, आणि मोठा माणूस राग असाच दाखवतो. मला लाज वाटली. गप बाहेर आलो.

बाहेर काका उभे होते. खिशातून एक जुनं मनगटी घड्याळ काढून माझ्या हातावर बांधलं. "राहू दे. चांगला पोरगा आहेस. कुठं बोलायचं आणि कुठं नाही ते कळतं तुला."

सासऱ्यानं जावयाला घड्याळ द्यावं तसं. घरी येईपर्यंत चौतीस वेळा वेळ बघितली.

२२ तारीख, शनिवार

हे सगळं एका दिवसात झालं यावर विश्वास बसत नाही.

सकाळी नऊची बस. मी स्टँडवर होतो, सहज आलो असं दाखवत. काकांना तिची पेटी वर चढवू दिली नाही, मीच चढवली. ती खिडकीतून म्हणाली, "बाबांकडे लक्ष ठेव." बस गेली. काकांनी डोळे पुसले, मला म्हणाले शनिवार आहे, चावी द्यायला जातो.

मी दवाखान्यात आलो. मास्तर बसले होते, आत्याबाई होत्या. साडेनऊला चौकातला फुलवाला धावत आला. काका मनोऱ्यात पडलेत. चाळिसाव्या पायरीवर. तोंड निळं पडलंय.

मी आतल्या खोलीत घुसलो. डॉक्टर मोरीवर हात धूत होते, पाठमोरे. मी दारातून ओरडलो, "डॉक्टर, काका पडलेत!"

ते साबण लावत राहिले.

मी पुन्हा ओरडलो. इतक्या मोठ्यानं की बाहेर आत्याबाई किंचाळल्या. डॉक्टरांनी शांतपणे नळ बंद केला आणि टॉवेलला हात घातला. माझ्या आवाजानं कपाटाची काच वाजत होती आणि तो माणूस बोटांच्या बेचक्या पुसत होता.

तेव्हा मला कळलं. आरसा. उजेडातली खुर्ची. सावकाश सांगा, पुन्हा सांगा. फोन. बंद पडलेलं घड्याळ छान चाललंय. सगळं एकदम कळलं, पायाखालची जमीन सरकावी तसं. आणि डोळे मिटून त्यांनी काकांच्या छातीवर काय ऐकलं होतं तेही कळलं.

मी दार आपटलं, फरशी हादरेल असं. सगळा जोर लावून. ते वळले.

पुढचं मी उभ्या जन्मात विसरणार नाही. मी म्हणालो, "काका मनोऱ्यात पडलेत. मी खोटं बोललो. करवत होती. दोन ठोक्यांच्या मध्ये." त्यांनी माझे ओठ वाचले. चेहरा क्षणभर पांढरा झाला. रागाचा एक शब्द नाही. बॅग उचलली आणि हा पासष्ट वर्षांचा माणूस माझ्यापुढं धावला. चाळीस पायऱ्या चढला. छातीवर हात ठेवून म्हणाला, चालू आहे. पाय वर उचल, बंडी फाड, खिडकी उघड, फुलवाल्याची गाडी आण. तळहात एकदाही छातीवरून काढला नाही. गाडीत काकांना शुद्ध आली तेव्हा पहिलं काय बोलले? "चावी राहिली."

बस पहिल्या थांब्यावर मास्तरांनी फोन करून अडवली. खोकत खोकत. ती संध्याकाळी हॉस्पिटलात पोचली.

२३ तारीख, रविवार

मोठं हॉस्पिटल. लांबलचक व्हरांडा, लोखंडी बाक. झडप बदलावी लागणार. मंगळवारी. इथले डॉक्टर म्हणाले की आठ-दहा दिवस आधी आला असता तर सोपं होतं. आता धोका आहे.

आठ-दहा दिवस आधी म्हणजे मी स्वच्छ म्हणालो तेव्हा.

डॉक्टर आणि मी बाकावर बसलो होतो. मी त्यांच्याकडे तोंड करून बसलो. आता मला बसता येतं. पहिल्यांदा मी भांडलोच. हे मी लिहून ठेवणार, लपवणार नाही. म्हणालो, तुम्ही मला फसवलंत. मला शिकवताय असं वाटलं मला. तुम्ही नुसते माझे कान वापरलेत.

"हो," ते म्हणाले. "वापरले."

एवढंच म्हटल्यावर माणूस भांडणार कसा?

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षं आठ महिने. आधी दाराची घंटा गेली. कुणीतरी काढून नेली म्हणून ते आठवडाभर चिडचिड करत होते, आणि घंटा तिथंच होती, लोक वाजवत आत येत होते. मग श्वास गेले. मग ठोके. "रोज सकाळी ठरवायचो, आज सांगीन. तेवढ्यात कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, तुमच्या कानावर भरवसा आहे." मग त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. "हाताला लागलं होतं मला. त्याला तसाच इथं पाठवायला हवं होतं. तुझा शब्द सोयीचा होता, म्हणून धरला. तू पोरगा आहेस. मी नाही."

मी म्हणालो, मी का खोटं बोललो ते तुम्हाला ठाऊक नाही. ते म्हणाले, "मी बहिरा आहे, आंधळा नाही."

तेवढ्यात ती आली. उठून डॉक्टरांनीच तिला सांगितलं: त्यांचे कान गेलेत, त्यांच्याकडून निसटलं, चूक त्यांची. माझं नावसुद्धा घेतलं नाही. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. ती डॉक्टरांकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू होतास म्हणून बाबा आहेत."

माझ्या हातावर ते घड्याळ होतं. बाही खाली ओढली.

२७ तारीख, गुरुवार

ऑपरेशन नीट झालं! काका परवा रात्री पाणी प्यायले, काल शिव्या दिल्या, आज भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागं आहे म्हणून नर्सशी भांडले. मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळालो, म्हणून वॉर्डबॉयनं मला हाकललं. काही हरकत नाही. पुन्हा पळेन.

आज सकाळी डॉक्टरांनी दवाखान्यात, सगळ्या बाकांसमोर उभं राहून सांगितलं. मला ऐकू येत नाही. बराच काळ. पुढच्या महिन्यापासून एक नव्या डॉक्टरीणबाई येतील. ज्यांना ज्यांना माझ्यामुळे त्रास झाला त्यांची मी माफी मागतो.

मला वाटलं आता दगड येतील. मी बाह्या सरसावून त्यांच्यापुढं उभा राहिलो. मग खोकला मास्तर उठले आणि म्हणाले, "डॉक्टर, आम्हाला माहीत आहे हो. दीड वर्ष झालं, मी मुद्दाम मोठ्यानं खोकतोय. घसा बसला माझा."

आत्याबाई म्हणाल्या, उजेडात तोंड करून बोलायचं हे त्यांनी अख्ख्या आळीला सांगून ठेवलंय. फुलवाला म्हणाला, पोरं इथं आली की पाय आपटत येतात. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे एकमेकांना बजावत होते की डॉक्टरांना कळू देऊ नका आपल्याला कळलंय ते. मला कुणी का सांगितलं नाही विचारलं, तर मास्तर म्हणाले, "तुला? तू तर सारखा त्यांचे कान कसे तीक्ष्ण ते आम्हालाच सांगत होतास."

डॉक्टर आरशाकडे तोंड करून उभे होते. सगळ्यांचे ओठ त्यांना आरशात दिसत होते.

घरी आलो. बाबांनी आईला न सांगता थेट मला विचारलं, "जेवलास?"

३० तारीख, रविवार

सकाळी काकांना भेटलो. ती कपडे न्यायला घरी गेली होती, म्हणून ते मोकळं बोलले.

मी घड्याळ काढून त्यांच्या उशाशी ठेवलं. म्हणालो, हे माझं नाही. मी खोटं बोललो होतो. ते छताकडे बघत म्हणाले, "मला ठाऊक आहे. मीच तर तुझं मनगट दाबलं."

मला अजून कळेना. तेव्हा त्यांनी सावकाश, दम घेत घेत सांगितलं. डॉक्टर बहिरे झालेत हे काकांना सगळ्यांच्या आधी समजलं होतं. कुणाला घड्याळाची टकटक ऐकू येत नाही ते त्यांना नाही कळणार तर कुणाला? म्हणूनच ते म्हणाले, डॉक्टराच्या कानाशिवाय कुणाला दाखवणार नाही. तो कान काही पकडणार नाही याची खात्री होती. पोरीला जाऊ द्यायचं होतं. मी मध्ये येईन हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "तुझा चेहरा बघितला आणि समजलो, ह्यानं ऐकलं. म्हणून दाबलं. घड्याळ दिलं ते तोंड बंद ठेवल्याबद्दल."

म्हणजे सासरा-जावई वगैरे काही नव्हतंच.

मी हसायला लागलो. खरंच. एवढं की डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते थांबेना. काका घाबरले. म्हणाले, तिला यातलं काही सांगू नकोस हं, डॉक्टरानं अंगावर घेतलंय ना, राहू दे, कार्यशाळेवाले पुढच्या महिन्यापर्यंत थांबतायत, ती जाईल सुखानं. म्हातारा अजून तेच करतोय. नवी झडप, जुनीच खोड.

नाही काका. आपण तिघांनी मिळून तिच्यापासून एक करवत लपवली. जायचं की राहायचं ते तिचं तिनं ठरवायचं होतं, आणि ते मी एकट्यानं ठरवून टाकलं, वर अभिमानानं वहीत लिहिलं.

आता दुपार आहे. मी दवाखान्यात आहे, पुड्यांच्या टेबलाशी. कॉलेजला पत्र लिहिलं: परत घ्या, आणि रजिस्टरची माफी. डब्याचंही लिहिलं होतं, ते खोडलं. सरांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं एवढं मान्य करायला मला अडीच पानं लागली.

डॉक्टर खिडकीशी खुर्ची ओढून पाठमोरे बसलेत, जुने कागद चाळतायत. आरसा त्यांनी काल उतरवला. आता कशाला हवा, म्हणाले. तिथं भिंतीवर फिकट चौकोन राहिलाय.

मघाशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, तिच्याकडे चाललोय. सगळं सांगणार आहे. ऐकलं तेही, वाटलं तेही, आणि दोन्ही वेगवेगळं.

"ती पुन्हा तुझ्याशी बोलणार नाही कदाचित."

"माहीत आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग केस तरी विंचरून जा."

विंचरले. दुकानाचं शटर इथून दिसतंय, अर्धं वर आहे. ती आत आहे. छातीत एवढं धडधडतंय की स्टेथोस्कोपशिवाय ऐकू येतंय, आणि मला भीती वाटतेय की आनंद होतोय ते सांगता येत नाही. दोन्ही असावं. वही खिशात घेऊन निघालो.

पायरीवर उभा राहून एवढं शेवटचं लिहितो: बाहेर आलो आणि दार लावलं. सगळा जोर लावून. आख्खी आळी दचकली असेल. काचेतून पाहिलं, तर पाठमोऱ्या डॉक्टरांनी, न वळता, हात वर केला.